लाल, मध्यम माप

जपान कसं होतं, असं दांडिया बाजारात जो तो विचारतो,
इस्त्रीवाला रतिलालसुद्धा.
मी सांगते, जपान मला नाही माहीत.
मी आणि नलू वन्सं नऊ दिवस
गोल फिरणाऱ्या हिरव्या गाडीत बसत होतो
आणि वाटेल तिथे उतरत होतो.

ऊर्जिता सकाळी कामावर जायची.
जाताना पेंग्विनचं चित्र असलेली दोन कार्डं
आमच्या गळ्यात अडकवायची,
बालवाडीतल्या पोरांच्या अडकवतात तशी.
हरवलात तर हलू नका, म्हणायची.
आम्ही हरवायचो
आणि हलायचोही.

तिथली नावं जिभेवरून घसरत,
म्हणून वन्संनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर
नकाशा काढून घरची नावं घातली होती.
आसाकुसा म्हणजे मांडवी.
गिन्झा म्हणजे अलकापुरी, बाहेरूनच बघायची.
उएनोचं तळं सूरसागर,
कारण देव पाण्याच्या मधोमध.
यानाकाला काय म्हणावं ते ठरेना. लाकडी घरं, मांजरं,
आणि वस्तीच्या मध्यावर थडगी, त्यांच्यामधून
कोथिंबिरीसारखी काहीतरी जुडी घेऊन सायकलवर चाललेला माणूस.
एक बाई दगडावर पाणी घालत होती,
कुंडीला घालावं तसं, सावकाश.

भांड्यांच्या त्या लांबलचक रस्त्यावर
मेणाची कोळंबी, मेणाची भजी, मेणाचा गरम भात.
वन्संनी हळूच बोट लावून पाहिलं.
दुकानदार वाकला.
वन्संही वाकल्या.
तो पुन्हा वाकला.
मीच शेवटी दंड धरून त्यांना बाहेर आणलं,
नाहीतर अजून तिथेच असत्या.

सातव्या दिवशी सुगामो.
सरकता जिनासुद्धा आमच्या वयाचा.
रस्ताभर म्हाताऱ्या बायका, ढकलगाड्या, काठ्या,
दर चार दुकानांनी बसायला बाक.
कुणी मागून हॉर्न देईना.
तिथे अंगणात एक दगडी देवी आहे,
आपलं जे दुखतं ते तिचं पुसायचं,
पांढरा रुमाल विकत मिळतो.
वन्संचा गुडघा उभ्या बडोद्याला ठाऊक.
रांगेत मीही गुडघ्याचाच विचार करत होते.
त्यांनी देवीचं कपाळ पुसलं.
रुमाल भिजवला, पिळला, पुन्हा पुसलं.
मागे दहा-बारा जणी उभ्या होत्या,
एकीनंही घड्याळ पाहिलं नाही.

नंतरचं दुकान आत-बाहेर लाल.
मोजे लाल, बनियन लाल, चड्ड्या लाल,
आणि आमच्याएवढ्या बायका टोपल्या भरताहेत,
मेथी निवडावी तशा.
लाल अंगाशी असलं की ऊब टिकते म्हणे.
विकणाऱ्या मुलीनं बेंबीखाली हात ठेवून दाखवलं.
एकोणीस वर्षं वन्संच्या कपाटात
बदामी, राखी, फार तर मोतिया.
मी म्हटलं, चला, चहा घेऊ.
वन्सं म्हणाल्या, मध्यम माप.
मराठीतच म्हणाल्या.
मुलीला कळलं.

आणि परवा उत्तरायण,
सगळा दांडिया बाजार गच्चीवर,
भोंगे, उंधियू, चिक्की, ए लपेट!
वन्सं ओली बादली घेऊन वर आल्या
आणि टॉवेलच्या आड नाही,
टॉवेलच्या अलीकडे, दोरीवर,
दोन चिमटे लावून वाळत घातली.
हे फिरकी ठेवून खाली गेले,
चहा बघतो म्हणाले. जन्मात कधी बघितला नव्हता.
शेजारच्या गच्चीवरून जशोदाबेन,
एक हात कपाळाशी, उन्हाला आडवा,
आ कोनी छे?
मारी.
क्यांथी लीधी?
सुगामो.
जशोदाबेन जरा थांबल्या. एटले, मांडवीमां?
वन्संनी चिमटा सरळ केला,
पतंगांच्या त्या गर्दीकडे पाहिलं,
आणि म्हणाल्या,
मांडवीथी थोडं आगळ.